मागं न वळलेली बोट

नागपूरचं कुणी मुंबईला जाऊन आलं की राणीचा बाग आणि चौपाटीच्या गोष्टी सांगतं. आम्ही तिघं दुसरी मोठी लढाई संपल्यावर दीड वर्षानं, फेब्रुवारीत मुंबईला गेलो आणि पाच दिवसांत परत आलो. राणीचा बाग आम्ही पाहिला नाही. आम्ही एक बोट पाहिली. ती आता मोडायला नेली आहे, म्हणून ती कशी होती आणि तिथं काय झालं ते लिहून ठेवते. नात्यातल्या बायका मला पुन्हा पुन्हा विचारतात आणि मला समोर बसून सांगता येत नाही. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे पाहत नसतं.

नागपूर

आमचं घर इतवारीत, संत्र्याच्या बागा काटोलकडे. बाबांची संत्री रेल्वेनं कलकत्त्यापर्यंत जात, आणि रेल्वेचे सगळे कागद इंग्रजीत. दादा शाळेत रमला नाही, म्हणून बाबांनी मला मिशनरी बायकांच्या इंग्रजी शाळेत घातलं. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद मी वाचायची आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायची. सगळे ऐकायचे. मी घरात बोलायची ते एवढंच.

दुसरंही एक काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. दादाची बायको, गोदावहिनी, दाराआड उभी राहून म्हणायची, ‘कमलबाई, मामंजीले सांगा, वाढलं आहे,’ आणि मी ओसरीवर जाऊन सांगायची. बाबांचं उत्तरही माझ्याच मार्फत आत जायचं. सहा वर्षं वहिनी आणि बाबा यांच्यामधला प्रत्येक शब्द माझ्या तोंडून गेला आहे.

दादा, म्हणजे माझा भाऊ वसंत, लढाईच्या दुसऱ्या वर्षी घरी न सांगता आरमारात भरती झाला. ज्यानं अंबाझरीच्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं तो खलाशी झाला. त्याला मिळालेल्या बोटीचं नाव ‘वैनगंगा’. आपल्या भंडाऱ्याच्या नदीचं नाव पाहून त्याला इतका आनंद झाला की पहिल्या पत्रात त्यानं ते तीनदा लिहिलं. बोटीचं काम होतं समुद्रात सुरुंग टाकण्याचं, शत्रूच्या बोटी आपल्या बंदरात शिरू नयेत म्हणून. बोटीवरचे लोक त्याला पेरणी म्हणत. ‘आमची वैनगंगा म्हणजे लोखंडी तिफण आहे,’ असं त्यानं वहिनीला लिहिलं होतं. वहिनी काटोलजवळच्या शेतकऱ्याघरची, मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. ही पत्रं ती स्वतः वाचायची, सावकाश, ओठ हलवत.

मग पहिलं इंग्रजी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की वसंत कामावर असताना समुद्रात पडला आणि सापडला नाही. ते मी वाचून दाखवलं. सहा महिन्यांनी दुसरं पत्र आलं, की तो मरण पावला असं आता धरण्यात येत आहे, आणि कुटुंबाला हे कळवताना फार दुःख होतं. त्या आठवड्यात वहिनी तापानं फणफणली होती. सगळे ओसरीवर माझ्या तोंडाकडे पाहत बसले होते. मी म्हणाले, ‘अजून शोध लागला नाही, असं लिहिलं आहे.’

मी ठरवलं होतं, वहिनी बरी झाली की सांगायचं. ती बरी झाली. मग तिनं दादासाठी सोमवार धरले. मग दिवाळी आली. प्रत्येक आठवड्याला ते सांगणं जास्त अवघड होत गेलं. शेवटी मी ते पत्र माझ्या ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. दोन वर्षं वहिनी कुंकू लावून वाट पाहत राहिली. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते, असं आई म्हणायची, आणि वहिनी मान हलवायची.

जानेवारीत एक कार्ड आलं, मराठीत, वहिनीच्या नावानं. दादाची पत्रं थांबल्यावर माझ्या हातून न जाता त्या घरात पोचलेला हा पहिला कागद. बोटीवरचे एक पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांवरचे नाईक, मयेकर, यांनी लिहिलं होतं की वैनगंगा पुढच्या महिन्यात मोडीत निघते आहे; माणसं पांगतील; वसंताच्या घरच्यांनी त्याआधी येऊन जावं, मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

वहिनीनं ते कार्ड दोनदा वाचलं आणि दाराआडून म्हणाली, ‘कमलबाई, मामंजीले सांगा, मी जाणार आहो.’

बाबा नको म्हणाले. आईही नको म्हणाली. वहिनी भांडली नाही, रडली नाही. ती जेवण वाढायची, भांडी घासायची आणि संध्याकाळी पुन्हा माझ्याकरवी तेच सांगायची. नवव्या दिवशी बाबांनी नानाकाकांना बोलावलं. नानाकाका बाबांचे चुलत भाऊ, लकडगंजला लाकडाची वखार, मुंबईच्या व्यापाऱ्यांशी ओळखी. ते सोबत जायला तयार झाले. आणि गोऱ्या साहेबाशी बोलायला इंग्रजी येणारं कुणी हवं म्हणून मी.

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. खरं कारण एकच होतं, आणि ते माझ्या ट्रंकेत होतं.

गाडीत

वर्धा, बडनेरा, अकोला ही स्टेशनं मला तोंडपाठ होती, बाबांच्या पावत्यांवरून. ती खरोखर असतात आणि तिथं माणसं चहा पितात, हे पहिल्यांदाच पाहिलं. बायकांच्या डब्यात आम्ही दोघी, नानाकाका शेजारच्या डब्यात. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर ते खिडकीशी यायचे आणि बोटीच्या साहेबासाठी घेतलेली संत्र्यांची करंडी जागेवर आहे की नाही ते पाहायचे. भुसावळला म्हणाले, ‘काय वं कमल, एखादं कमी दिसून राहिलं.’ शेजारच्या बाईनं घेतलं होतं. तिनं निर्लज्जपणे अर्धं त्यांच्यापुढे केलं आणि त्यांनी ते खाल्लं.

मी ठरवलं होतं की मनमाडच्या आधी वहिनीला सांगायचं. मग नाशिकच्या आधी. घाटात गाडी बोगद्यात शिरली, अंधार झाला, आणि मला वाटलं, आता. मी ‘वहिनी’ म्हणाले. ती म्हणाली, ‘बोला.’ तेवढ्यात उजेड आला, तिचं तोंड दिसलं, आणि मी विचारलं, ‘पाणी हवं का?’

मुंबई

आम्ही लाकडी बंदराजवळ नानाकाकांच्या एका कच्छी व्यापाऱ्याकडे उतरलो. तिथं सगळीकडे सागाच्या ओंडक्यांचा वास. लकडगंजमध्येही तोच असतो, पण इथं त्यात खारट काहीतरी मिसळलेलं होतं. घरची माणसं प्रेमळ. त्यांनी आम्हाला मध्ये बसवून वाढलं. वरणात गूळ होता. नानाकाकांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, ‘गोड पदार्थ आधी वाढून राहिले का यायच्यात?’ त्यांनी खिशातून तिखटाची पुडी काढली. ती त्यांनी नागपूरहून आणली होती.

समुद्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला, गोदीच्या फाटकातून. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तो आवडला नाही. पाणी मळकट होतं, त्यावर तेलाचे डाग आणि कुजकी फळं. मग बोटींच्या मधून पलीकडे नजर गेली. अंबाझरीला उभं राहिलं की समोरचा काठ दिसतो, झाडं दिसतात. इथं समोर पाहायला काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं संपत नव्हतं. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. बराच वेळ पाहून ती म्हणाली, ‘इतक्यात शोधतील तरी कुठं?’

मयेकर आम्हाला न्यायला लहान लाँच घेऊन आले होते. पन्नाशीचा मालवणकडचा माणूस, बुटका, जाड मनगटांचा. त्यांनी वहिनीला नमस्कार केला आणि मग तिच्याकडे पाहिलंच नाही.

वाटेत नानाकाकांची टोपी उडाली. वाऱ्याचा अंदाज त्यांना नव्हता, तिघांपैकी कुणालाच नव्हता. टोपी पाण्यावर पडली आणि कागदाच्या होडीसारखी तरंगत मागं निघाली. उघड्या डोक्यानं साहेबापुढे जायचं या कल्पनेनं काका इतके कासावीस झाले की मयेकरांनी लाँच वळवायला सांगितली. लांब काठीच्या आकड्यानं टोपी काढली, पिळली, काकांना दिली. काकांनी ती ओलीच घातली. पाणी त्यांच्या कानांवरून ओघळत होतं आणि ते साहेबाशी बोलायचं वाक्य पुटपुटत होते. मला हसू आलं. वहिनी हसली नाही. ती मागं, टोपी जिथं पडली होती तिथं पाहत होती.

वैनगंगेवर

बोट जवळून दिसली तेव्हा मला वाईट वाटलं. मी मनात काहीतरी भयंकर धरून होते. ही म्हातारी होती. राखी रंगाचे पोपडे सुटलेले, गंजाचे ओघळ, आणि मागच्या अंगाला पत्र्याची दोन मोठी दारं, गोठ्याला असतात तशी.

शिडी उभी आणि डुलती. वहिनी नऊवारीचा काष्टा सावरून माळ्यावर चढावं तशी सरसर चढली. मी पाचवारीत अडकून मध्येच थांबले आणि एका खलाशानं मला हात धरून ओढलं. वर पोचल्याबरोबर नानाकाका वाकले आणि पायाखालची फळी बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली. ‘ब्रह्मदेशचा साग आहे,’ ते म्हणाले. ‘याले मोडून राहिले? हे लाकूड अजून शंभर वर्षं जाते ना गा.’

मयेकर म्हणाले, ‘लाकूड जाईल हो. इंजिन नाही जायचं.’

मग त्यांनी आम्हाला बोट दाखवली. ती पूर्वी कोकण किनाऱ्यावर उतारू नेणारी आगबोट होती. मयेकर लहानपणी तिच्यातूनच मालवणहून मुंबईला आले होते, आईच्या मांडीला टेकून, शेजारी कोंबड्यांची पाटी. लढाई सुरू झाल्यावर सरकारनं ती घेतली. उतारूंची बाकं काढली, डेकवर दोन्ही बाजूंनी रूळ टाकले आणि मागं ती दारं बसवली. रुळांवर चाकाच्या गाड्या, प्रत्येक गाडीवर एक सुरुंग, माणसाच्या छातीइतका उंच लोखंडी गोळा. गाडी ढकलत मागं न्यायची, दारातून पाण्यात सोडायची. गाडी तळाशी जाऊन बसते आणि सुरुंग तिला बांधलेल्या तारेवर पाण्याच्या पोटात तरंगत राहतो, वरून दिसत नाही.

‘किती फुटले?’ नानाकाकांनी विचारलं.

‘आमचा एकही नाही. शत्रू त्या वाटेला आलाच नाही. लढाई संपल्यावर दुसऱ्या बोटींनी येऊन सगळे काढले.’

काका विचारात पडले. ‘म्हणजे चार वर्षं पेरलं ते उगवू नये म्हणूनच.’

‘तसंच,’ मयेकर म्हणाले.

पेरणी संपल्यावर बोटीची शाळा झाली होती. रूळ उपटले होते. त्यांच्या खुणा फळ्यांवर दोन काळ्या रेघांसारख्या उरल्या होत्या. त्यांच्यामध्ये बाकं, आणि भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला फळा, लाटेनं पडू नये म्हणून. नव्यानं भरती झालेले खलाशी इथं दोन महिने शिकून दुसऱ्या बोटींवर जात. शेवटची तुकडी त्या दिवशी फळाच पुसत होती. त्यावर खडूनं गाठींची चित्रं होती. नानाकाकांनी त्यांना करंडी उघडून दिली आणि प्रत्येकाला संत्रं कसं सोलायचं ते दाखवू लागले, जणू त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मयेकर आम्हा दोघींना घेऊन मागच्या दारांशी आले. दारं उघडी होती. खाली पाणी.

‘वसंत इथं उभा राहायचा,’ ते म्हणाले. ते माझ्याकडे पाहून बोलत होते. त्यांनाही वाटलं असावं की वहिनीशी माझ्यामार्फत बोलायचं. ‘गाडी दारात आली की सुरुंगाची खीळ उपसायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. खीळ उपसल्याशिवाय सुरुंग जिवंत होत नाही, आणि आकडा चुकला तर कुठला कुठं आहे ते कळत नाही. डोकं ठिकाणावर असलेलाच माणूस लागतो.’

वहिनीनं पदर डोक्यावर ओढला, एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, ‘मले सांगा.’

मयेकरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, पहाट, धुकं. समुद्र खळबळलेला. चोवीस सुरुंग टाकायचे होते. वसंतानं तेरा म्हटलं, चौदा म्हटलं. चौदावी गाडी दारातून गेली आणि त्याच वेळी बोटीचा मागचा भाग उचलला गेला, मग एकदम खाली बसला. पाणी दारातून गुडघाभर आत आलं आणि परत गेलं.

‘पंधरावी गाडी माझ्यापुढं आली,’ मयेकर म्हणाले, ‘आणि आकडा कुणी म्हणेना. मग मी बघितलं.’

‘दिसले?’

‘एकदा. डोकं दिसलं.’

‘जिते होते?’

‘होय.’

वहिनीनं दाराची कड धरली. ‘मंग बोट थांबवली काहून नाही?’

‘बाई, पेरणी चालू असताना बोट थांबत नाही आणि वळत नाही. मागं आमचेच सुरुंग. चौदा सुरुंग जिवंत होऊन बसले होते. वळली असती तर पहिल्याच सुरुंगावर गेलो असतो. ऐंशी माणसं होतो.’

‘आता टोपीसाठी वळवली ना तुम्ही.’

मयेकरांनी दारातून मागच्या पाण्याकडे पाहिलं. ‘वळवली,’ ते म्हणाले. ‘मागं काही नव्हतं म्हणून.’

‘आणि पंधरावा?’

‘पंधरा मी म्हटलं. खीळ उपसली. पुढं चोवीसपर्यंत म्हटलं. मग दुरून वळसा घालून आलो, होडी सोडली, दुपारपर्यंत बघितलं. काही नाही.’ त्यांनी हात कपड्याला पुसले, ओले नसताना. ‘हे कागदावर कुणी लिहिलं नाही. कागदावर एवढंच, की पडला. तुम्ही मला शिव्या द्या, पण हे मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं.’

वहिनीनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं विचारलं, ‘मंग दोन वर्षं आमाले कोणी काहून नाही कळवलं, का ते गेले म्हणून?’

मी चटकन मयेकरांकडे पाहिलं.

‘कळवलं की,’ मयेकर म्हणाले. ‘जुन्या कप्तानानं स्वतः लिहिलं. तुमच्याकडून जबाब आला. ऑफिसात आहे.’

ते आम्हाला एका लहान खोलीत घेऊन गेले. टेबलाशी एक तरुण इंग्रज अधिकारी खोक्यांत कागद भरत होता. मयेकरांनी त्याला काहीतरी सांगितलं. तो उठून उभा राहिला, माझ्याशी इंग्रजीत हळू बोलला, फार वाईट वाटतं म्हणाला, आणि खोक्यातून एक फाईल काढून टेबलावर उघडली. वर माझ्या अक्षरातला कागद होता. शाळेतल्या बाईंनी घोटून घेतलेलं वळणदार, सरळ रेषेतलं अक्षर. खाली बाबांची मोडीतली सही. रेल्वेच्या कागदांत घालून मी ती घेतली होती. बाबा माझ्या हातचा कागद कधी विचारून सही करत नसत.

वहिनीला इंग्रजी येत नव्हतं. पण ती सही ती रोज पाहत होती, बागेच्या चिठ्ठ्यांवर.

‘हे मामंजीची सही आहे,’ ती म्हणाली. ‘वाचा.’

अधिकारी माझ्याकडे पाहत होता, मयेकर पाहत होते. मला वाटलं, अजूनही काहीतरी सांगता येईल. तिथं मराठी येणारे मयेकर होते, पण त्यांना हे इंग्रजी वाचता येत नव्हतं. अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं. त्या खोलीत दोन्ही कळणारी मी एकटी होते. त्या क्षणी मला त्याचीच शिसारी आली.

मी वाचलं. ‘आपले पत्र मिळाले. मजकूर समजला. वसंतच्या मृत्यूची बातमी घरातील सर्वांना कळविली आहे. कुटुंबाला कशाची गरज नाही. कृपया यापुढे या विषयावर पत्र पाठवू नये.’

‘कोणी लिहिलं?’

‘मी.’

‘कधी?’

‘तुम्ही तापातून उठलात, त्या आठवड्यात.’

इंग्रज अधिकाऱ्यानं मला विचारलं, यांना पाणी हवं आहे का. मी वहिनीला विचारलं नाही. मी इंग्रजीत म्हणाले, त्यांना काय हवं ते मी सांगू शकत नाही.

वहिनी खोलीतून बाहेर पडली. मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. ती परत मागच्या दारांशी गेली, मयेकर तिच्या मागोमाग. ते बोलत होते ते मला ऐकू येत होतं. वसंत गेल्यापासून तिथं उभा राहणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर बांधायचा असा नियम मयेकरांनी कप्तानाकडून करून घेतला होता, आणि शाळा झाल्यावर प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी तीच गाठ शिकवत होते. वहिनी म्हणाली, बांधून दाखवा. त्यांनी खुंटीवरचा दोर काढून स्वतःच्या कमरेला बांधला. तिनं गाठ पाहिली, ओढून पाहिली, सोडली आणि पुन्हा स्वतः बांधली, त्यांच्यापेक्षा लवकर. बैलाच्या दाव्याची गाठ अशीच असते, ती म्हणाली. ओढली तर सरकत नाही, आणि सोडायची तेव्हा सुटते.

मग ती दारात उभी राहून पाण्याकडे पाहत राहिली. मयेकर दोन पावलं मागं, अजून दोर कमरेला. कुणीच घाई केली नाही.

परत

आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. नानाकाकांना मी स्टेशनवर सगळं सांगितलं. ते रिकाम्या करंडीच्या दोऱ्या गुंडाळत ऐकत होते. ‘काहून वं कमल,’ एवढंच म्हणाले. पुढं त्यांनी काही विचारलं नाही, आणि प्रत्येक स्टेशनवर खिडकीशी येऊन दोघींना चहा देत राहिले.

वहिनी माझ्याशी बोलली नाही. तिनं जागा बदलली नाही, पाठ फिरवली नाही. माझ्या शेजारी बसून ती बाहेर पाहत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. समोरच्या बाईनं मला विचारलं, काय झालं यांना? मी म्हणाले, त्यांचे यजमान गेले. पहिल्यांदा मी ते मराठीत मोठ्यानं म्हटलं.

बडनेरा मागं पडल्यावर वहिनी म्हणाली, ‘घरी मी सांगीन. तुम्ही मधात बोलू नका.’

नागपूर

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बाबा ओसरीवर, आई खांबाशी. मी सवयीनं पुढे झाले. वहिनी मला ओलांडून ओसरीवर आली, दाराआड थांबली नाही, आणि बाबांच्या समोर खाली बसली. बाबा दचकले. त्यांना कुठं पाहावं ते कळेना, म्हणून ते जमिनीकडे पाहू लागले.

तिनं सगळं सांगितलं. रूळ, खीळ, धुकं, चौदावा आकडा. बोट का वळली नाही, ते तिनं मयेकरांनी सांगितलं होतं तसंच सांगितलं, त्यांना दोष न देता. डोकं एकदा दिसलं तेही. आई मध्येच हुंदका देऊन आत गेली आणि परत आली. बाबा ऐकत होते, आणि त्यांचा हात नुसताच गुडघा चोळत होता.

‘इतकं झालं, आणि तो गेला असं सांगणारं एक पत्र सरकारनं धाडलं नाही,’ ते म्हणाले.

‘पत्र आलं होतं,’ वहिनी म्हणाली.

एवढंच म्हणून ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझं नाव तिनं घेतलं नाही, आणि मला कळलं की ती घेणारही नाही. तेवढं तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं. बाबा आईकडे पाहू लागले, आई नानाकाकांकडे.

मी आत गेले. ट्रंक उघडली, कपडे बाहेर काढले आणि तळाचं पाकीट घेऊन ओसरीवर आले. बाबांसमोर मी आजवर एक वाक्य स्वतःचं असं बोलले नव्हते; जे बोलले ते कागदातलं किंवा वहिनीचं. आता बोलले. ‘बाबा, हे दोन वर्षांपूर्वी आलं. मी वाचलं, आणि तुम्हाला खोटं सांगितलं. तुमची सही घेऊन उत्तरही मीच पाठवलं.’

मी पत्र उलगडलं आणि पहिल्या ओळीपासून एकेक शब्द मराठीत सांगू लागले. वसंतचा नंबर, बोटीचं नाव, तारीख. ‘मरण पावला असे धरण्यात येत आहे’ या ओळीपाशी मी थांबले.

वहिनी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. कागदाची एक बाजू तिनं धरली.

‘पुढं वाचा,’ ती म्हणाली.

मी वाचलं.